तीन दिवसांची ट्यूब

मेडिकलच्या काउंटरमागे तीस वर्षं उभं राहिलं की गिऱ्हाईक कशासाठी आलंय हे त्याच्या चालीवरून कळायला लागतं. खोकल्यावाला दारातूनच बोलायला सुरुवात करतो. पोट बिघडलेला घाईत असतो. आणि जो माणूस उगाच कंगव्यांचे भाव विचारतो, साबण उचलून वास घेतो, बाकीची माणसं जायची वाट बघत रेंगाळतो, त्याची अडचण हमखास कमरेखालची असते. अशाला काउंटरच्या टोकाला बोलवायचं, त्याच्याकडे न बघता, बिलबुकावर काहीतरी लिहिल्यासारखं करत हळूच विचारायचं, "खाज आहे की आग होते?" एवढ्यावर त्या बिचाऱ्याचा जीव भांड्यात पडायचा. मग कागदी पिशवीत एक ट्यूब आणि जोडीला ठरलेलं वाक्य, "तीन दिवस लावा. फरक नाही पडला तर डॉक्टरला दाखवा. लाजायचं काय त्यात?"

हे सांगणाऱ्याला सगळा रस्ता 'डॉक्टर' म्हणायचा. डॉक्टर कसला, शाळा संपल्यावर खोकी उचलायला म्हणून दुकानात लागला, मालकाचा विश्वास बसला तसा काउंटरला आला आणि तिथंच त्याचे केस पांढरे झाले. पण हाताला गुण होता, स्वभाव मऊ होता. किती पुरुष त्याच्या सांगण्यावरून वेळेत दवाखान्यात गेले असतील त्याची मोजदाद नाही. आणि हा शहाणा स्वतः मात्र सहा वर्षं तिसऱ्या दिवसावरच अडकून बसला होता.

म्हणजे असं, की एक ट्यूब तीन दिवस लावायची. आग कमी झाली की जिंकलो. पंधरा दिवसांनी पुन्हा सुरू झालं की वेगळ्या झाकणाची ट्यूब काढायची आणि नव्यानं पहिला दिवस मोजायचा. नवं औषध म्हणजे नवे तीन दिवस, असा त्याचा हिशेब. चौथा दिवस त्यानं कधी उगवूच दिला नाही. ज्याला काउंटरपलीकडून एकच पिशवी मिळते त्या गिऱ्हाइकाला ही चैन परवडत नाही. ज्याच्या पाठीशी मलमांचं अख्खं कपाट उभं असतं तोच असला मूर्खपणा करू शकतो.

त्याचं दुखणं साधं होतं. निदान सुरुवातीला तरी. लघवीच्या जागेची पुढची कातडी त्याची मागं सरायचीच नाही, लहानपणापासून. आता हे काही जगावेगळं नाही. कितीतरी घरांत रिवाज म्हणून मुलाची सुंता करतात, कितीतरी घरांत करत नाहीत, आणि दोन्हीकडचे पुरुष धडधाकट राहून म्हातारे होतात. ज्याची सरते, ज्याला रोज आतून पाणी लावता येतं, त्याला आयुष्यभर तिची आठवणसुद्धा होत नाही. याची सरत नव्हती. छोट्याशा उपचारानं मिटणारी गोष्ट. आणि ती मिटवायची वेळ आलीही होती, तो नऊ वर्षांचा असताना.

तेव्हा धाकट्याला, म्हणजे सहा वर्षांच्या भावाला, लघवी करताना कातडीचा फुगा यायचा आणि पोर रडून घर डोक्यावर घ्यायचं. वडिलांनी त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कातडी कापून टाकली आणि दुसऱ्या दिवशी पोराला घरी पाठवलं. आठ दिवस त्याला चड्डी घालता येईना, म्हणून आईचा जुना गाऊन कापून आखूड करून त्याला घातला. तो गाऊन पुढून दोन बोटांच्या चिमटीत धरायचा, अंगापासून लांब ठेवायचा आणि पाय फाकवून बदकासारखा चालायचा. थोरल्यानं पहिल्याच दिवशी त्याची नक्कल केली. घर हसलं. दुसऱ्या दिवशी गल्लीत जाऊन केली, गल्ली हसली. तिसऱ्या दिवशी त्यानं भावाचं नाव ठेवलं, कात्री.

त्याच आठवड्यात वडिलांनी थोरल्याला दारात थांबवलं. चपला घालता घालता विचारलं, "डॉक्टर म्हणत होते, दुसरा मुलगा असेल तर त्यालाही एकदा दाखवा. तुला काही त्रास आहे का रे?"

त्रास होता. पण ज्यानं सगळ्या गल्लीला बदक करून दाखवलं, त्यानं आता स्वतः गाऊन घालायचा? तो म्हणाला, "छे! मला कुठं काय?" आणि खेळायला पळाला. वडील कामावर गेले. संपलं.

कात्री हे नाव मात्र संपलं नाही. शाळेत गेलं, खेळाच्या मैदानावर गेलं, पुढं लग्नाच्या दिवशी मित्रांनी त्याच नावानं हाक मारली आणि नवरीनं वळून बघितलं. धाकटा लिफ्टचा मेकॅनिक झाला, दोन पोरांचा बाप झाला, तब्येतीनं टुणटुणीत राहिला. कापल्यानं त्याचं काही म्हणता काही अडलं नाही. तरी पन्नाशीला आलेल्या त्या माणसाला थोरला अजून चारचौघांत "काय कात्री, कसं चाललंय?" असंच विचारायचा. धाकटा हसायचा. हसण्यात दात दिसायचे, बाकी काही नाही.

थोरल्याचं लग्न झालं. बायको बाइंडिंगच्या कारखान्यात होती, छापलेले कागद दुमडून पुस्तकं शिवायची. बोलायला तिखट, मनानं सरळ. मुलगी झाली, मोठी झाली, लग्न होऊन परगावी गेली. पंचवीस वर्षांच्या संसारात आधी दिवा न घालवता नवरा जवळ आला, असं कधी झालं नाही. तिला वाटायचं, लाजरा आहे. त्याला दुखायचं, हे तिला कुणी सांगितलं? तो दात आवळून गप्प राहायचा आणि ती समजायची की आपलाच याला कंटाळा आलाय.

मग शुगर वाढली. कातडीला चिरा पडायला लागल्या. पांढरट डाग आला, तो कडक झाला. पुढं एका जागी बी असल्यासारखं काहीतरी हाताला लागायला लागलं. डॉक्टरनं, म्हणजे आपल्या या काउंटरवरच्या डॉक्टरनं, लाल झाकणाची ट्यूब बदलून निळी घेतली. पाठ दुखते म्हणून तो बाहेरच्या खोलीत झोपायला लागला. पहिल्या वर्षी बायकोनं गरम पाण्याची पिशवी आणून दिली. दुसऱ्या वर्षी तिनं विचारणं सोडलं. आरशासमोर उभी राहून पोटाकडे बघायची आणि वळून जायची.

एक दिवस चड्डीवर रक्ताचा डाग दिसला. तेव्हापासून तो आपले आतले कपडे स्वतः धुवायला लागला.

आणि तिथं फसला! ज्या माणसानं जन्मात कधी चहाचा कप विसळला नाही, तो रोज सकाळी न्हाणीघराचं दार लावून कपडे खंगाळतोय, हे बायकोच्या नजरेतून सुटणार होतं का? तिनं आठ दिवस बघितलं. वेगळं झोपणं, दार लावून कपडे धुणं, वर कसलातरी उग्र वास मारायला अत्तर फवारणं. सगळं एकाला एक जोडलं तर कुठलीही बायको जे उत्तर काढेल, तेच तिनं काढलं. तिनं दिराला फोन केला.

रविवारी दुपारी धाकटा आला. खुर्ची ओढून बसला, पाणी प्यायला आणि पेला हातात फिरवत राहिला.

"दादा, वहिनी म्हणतात तू तुझे कपडे धुतोस हल्ली."

"मग? गुन्हा आहे का?"

"गुन्हा नाही. पण तू आणि कपडे!"

"माणसानं बदलू नये का?"

स्वयंपाकघराच्या दारातून बायको बाहेर आली. हात पुसत होती, पण हात कोरडेच होते. "भाऊजी, गोल गोल काय विचारताय? सरळ विचारा. कोण आहे ती?"

 थोरल्यानं धाकट्याकडे बघितलं. खरं सांगायला तोंड उघडलं तर समोर कोण बसलाय? कात्री! त्रेचाळीस वर्षं ज्याला त्या एका गोष्टीवरून चिडवलं, त्याच्यासमोर आता म्हणायचं की मलाही तेच आहे, तेव्हाही होतं, आणि आता सडलंय? बायको ऐकणार, तोंडाला हात लावणार, म्हणणार दाखवा. छे. त्यापेक्षा जमीन फाटली असती तरी चाललं असतं.

"आहे एक," तो म्हणाला.

बायकोच्या हातातलं फडकं खाली पडलं. तिनं विचारलं होतं खरं, पण होकार ऐकायची तिची तयारी नव्हती. "कोण?"

आदल्या दिवशी कोपऱ्यावरची शिवणवाली आपल्या आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आली होती. तिचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि तेच तोंडातून निघालं. "शिवणकाम करते. दुकानात येते."

बघा आता! त्या बाईचा यात काडीचा संबंध नाही, आणि हा भला माणूस तिचं आयुष्य एका वाक्यात चुलीत घालून मोकळा झाला. त्याहून संतापाची गोष्ट अशी, की हे बोलताना त्याची पाठ जराशी ताठ झाली. बाई ठेवलेला पुरुष हा अजून पुरुष असतो, असं काहीतरी त्याच्या मनात आलं असावं. धाकटा उठला. "तुझं तोंड बघायची इच्छा नाही मला," एवढंच म्हणाला. त्या संध्याकाळी बायको दोन पिशव्या भरून बहिणीकडे निघून गेली. जाताना तिनं गॅस बंद आहे की नाही ते बघितलं. सवयच होती तिची.

तीन महिने तो एकटा राहिला. आता दार लावायची गरज नव्हती, तरी लावायचा. दुकानात उभा राहायचा तो एका पायावर भार टाकून. बसला तर खुर्चीच्या कडेला बसायचा. मालकानं विचारलं तर पाठदुखीचं कारण पुढं केलं. जांघेत एक गाठ आली, बोराएवढी, दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे काळजीचं नाही, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. गिऱ्हाइकानं असं म्हटलं असतं तर त्याला दहा शिव्या घातल्या असत्या. शिवणवाली दुकानात यायची बंद झाली. त्याला उलट बरं वाटलं. का बंद झाली, हे काही त्यानं कुणाला विचारलं नाही.

मग एका सकाळी धाकटा दुकानाच्या दारात उभा राहिला. आत आला नाही. "वहिनींना त्यांचे कागद हवेत कपाटातले. किल्ली दे."

थोरला काउंटरच्या मागून बाहेर आला. किल्ली खिशात होती, ती काढून द्यायला दहा पावलं चालून गेला. धाकट्यानं हात पुढं केलाच नाही. तो भावाच्या पायांकडे बघत होता.

"परत जा," तो म्हणाला.

"काय?"

"काउंटरपर्यंत जा आणि परत चालत ये."

"वेड लागलंय का तुला? गिऱ्हाइकं आहेत."

"चाल म्हणतो ना दादा!"

त्याच्या आवाजात असं काही होतं की थोरला निमूटपणे वळला. चार पावलं गेल्यावर त्याला स्वतःलाच समजलं. त्याचे पाय फाकलेले होते. आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी त्यानं पँट पुढून चिमटीत धरली होती, अंगापासून लांब. कधीपासून अशी धरत होता, देव जाणे. तो तिथंच थांबला. वळायची हिंमत होईना.

धाकटा आत आला. अगदी जवळ येऊन हळू आवाजात बोलला, काउंटरच्या टोकाला गिऱ्हाइकाशी बोलावं तसा. "ही चाल मला शिकवू नकोस. आठ दिवस मी असाच चाललो होतो आणि तू वर्षभर तिची नक्कल केलीस. बाई नाहीये ना?"

थोरल्यानं मान हलवली. नाही.

"किती दिवस झाले?"

 धाकट्यानं त्याच्या अंगातला दुकानाचा ॲप्रन काढला, खुर्चीवर टाकला आणि मालकाला सांगितलं, "याला नेतोय."

मोठ्या दवाखान्यात सर्जन बाई निघाल्या. थोरला दारातच अडला. "पुरुष डॉक्टर नाहीत का?" धाकट्यानं त्याला दंड धरून आत ढकललं. "गप बस. पुरुष डॉक्टर तूच होतास ना आजवर? काय केलंस?"

पडद्याआड बाईंनी अर्धं मिनिट बघितलं असेल. हातमोजे काढले, हात धुतले, खुर्चीत येऊन बसल्या. चेहऱ्यावर काही नव्हतं. त्या नसण्यावरूनच त्याला कळलं. तीस वर्षं डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचलेला माणूस तो.

"किती काळ आहे हे?"

"झाले काही दिवस."

"मी वर्षं विचारतेय."

"सहा. म्हणजे कातडीचं म्हणाल तर जन्मापासून."

"आणि काय काय लावलंत?"

इथं तो खुलला, काय सांगायचं! लाल झाकणाची, निळ्या झाकणाची, ती बंद झाल्यावर आलेली दुसऱ्या कंपनीची, मग दोन एकत्र करून. प्रत्येकीत काय आहे, किती टक्के आहे, सगळं तोंडपाठ. बाईंनी आधी लिहून घेतलं, मग पेन खाली ठेवलं. "हे तुम्हाला कुणी दिलं?"

"मीच," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्या शब्दाची त्याला लाज वाटली.

तुकडा तपासायला गेला. आठवड्यानं निकाल आला तो असायचा तोच आला. कर्करोग, आणि जांघेतली गाठही त्याचीच. पुढचा भाग काढावा लागणार होता, जांघा उघडून गाठी काढाव्या लागणार होत्या आणि त्यानंतरचं नंतर बघायचं होतं. बाई सगळं सावकाश, न टाळता सांगत होत्या. धाकटा लिहून घेत होता. त्याचं अक्षर वेडंवाकडं येत होतं.

"लहानपणी कापली असती तर हे झालं नसतं?" थोरल्यानं विचारलं.

"तुमच्या बाबतीत, बहुतेक नसतं झालं."

"म्हणजे कातडी ठेवली, हीच चूक."

"तसं नाही हो." बाई जरा पुढं झुकल्या. "कातडी असणं हा आजार नाही. कोट्यवधी पुरुषांना असते आणि काही होत नाही. तुमची मागं सरत नव्हती, आत स्वच्छ होत नव्हती, सतत सूज राहत होती. तेव्हाच दाखवलं असतं तर कापायचीसुद्धा गरज पडली नसती कदाचित. नुसतं मलम पुरलं असतं. योग्य वेळी, कुणीतरी बघून दिलेलं."

मलम पुरलं असतं! तो खुर्चीत मागं टेकला. त्यानं विचारलं, "आणि तीन महिन्यांपूर्वी आलो असतो तर?"

बाईंनी धाकट्याकडे बघितलं. त्यांना त्या तीन महिन्यांची भानगड ठाऊक नव्हती. "नक्की नाही सांगता येणार. गाठ तेव्हा आलेली होती का?"

"नव्हती."

"मग फरक पडला असता," त्या म्हणाल्या.

ऑपरेशनच्या सकाळी दवाखान्यानं त्याला हिरवा गाऊन दिला. मागून नाड्या बांधायचा. त्याला बांधता येईनात. धाकटा मागं उभा राहून एकेक नाडी बांधायला लागला. भिंतीवरच्या घड्याळात पावणेआठ झाले होते. बाजूच्या खाटेवरचा म्हातारा घोरत होता.

"म्हण की," थोरला म्हणाला.

"काय म्हणू?"

"कात्री. आता तुझी पाळी आहे. म्हणून टाक एकदा, मोकळा हो."

 धाकट्यानं मानेची नाडी बांधली, पाठीची बांधली. मग तिथंच, मागंच उभा राहून बोलला. "मला माहीत होतं."

"काय?"

"तुलाही तसंच आहे ते. आपण एकत्र आंघोळ करायचो ना. बाबांनी तुला दारात विचारलं तेव्हा मी आत खाटेवर होतो. ऐकलं सगळं. ओरडून सांगणार होतो की खोटं बोलतोय हा." त्यानं नाडीची गाठ उगाच पुन्हा सोडली, पुन्हा बांधली. "पण तू त्याच सकाळी मला कात्री म्हणाला होतास. म्हटलं, नाही सांगत जा. भोग म्हटलं."

थोरल्याला वळून त्याचं तोंड बघायचं होतं. वळवेना.

"सहा वर्षांचा होतो रे दादा मी," धाकटा म्हणाला. "सहा वर्षांचा. मला काय माहीत होतं, केवढं भोगायला लागतं ते?" आणि मग तो एवढा पुरुषासारखा पुरुष, भावाच्या उघड्या पाठीवर कपाळ टेकून हमसून हमसून रडला. थोरल्यानं हात मागं नेऊन त्याचा शर्ट चाचपला आणि धरून ठेवला. वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला तेव्हा दोघं तसेच होते.

बायको चौथ्या दिवशी आली. धाकट्यानं तिला सगळं सांगितलं होतं. ती कारखान्यातून थेट आली होती, बोटांना खळ वाळून चिकटली होती. तिनं पिशवी खाली ठेवली, स्टूल ओढलं आणि बसून राहिली. तिनं आपल्याला चार शब्द सुनावावेत म्हणून तो वाट बघत होता. तिखट बाई, इतक्या वर्षांत तिनं कधी उधार ठेवलं नव्हतं. पण ती खळ सोलत बसली, एकेका बोटावरची.

"ती नव्हतीच?" शेवटी तिनं विचारलं.

"नव्हती."

"कुणीच नव्हतं?"

"कुणीच नाही."

"मी तिच्या दुकानात गेले होते. चार बायकांसमोर नको नको ते बोलले तिला. ती नुसती म्हणत होती, ताई तुमची चूक होतेय, ताई तुमची चूक होतेय." तिनं नाक ओढलं. "परवा गेले माफी मागायला. कुलूप होतं. म्हातारीला घेऊन कुठं गेली कुणाला माहीत नाही."

त्यानं डोळे मिटले. 

"तीन महिने रोज मी तिला शिव्या दिल्या हो. झोपताना, उठताना. म्हणायचे, मरू दे ती." बायकोनं बोटावरची खळ ओरबाडली. "आणि आता वाटतं, ती असती तर बरं झालं असतं. खरंच असती ना, तर किती बरं झालं असतं. तुम्ही धड तरी असता कुठंतरी."

तेवढ्यात सिस्टर ड्रेसिंगचा ट्रे घेऊन आली. तिनं भोवतीचा पडदा ओढला, वरचा मोठा दिवा लावला आणि बायकोला म्हणाली, "नातेवाइकांनी बाहेर थांबा. पेशंटला संकोच होतो."

बायको उठायला लागली. सवयीनंच. पंचवीस वर्षं ती या एका गोष्टीपासून उठूनच जात आली होती.

"थांबू दे तिला," तो म्हणाला.

"दिवा मंद करू का?" सिस्टरनं विचारलं.

"नको. राहू दे."

सिस्टरनं चादर बाजूला केली आणि पट्टी उलगडायला घेतली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच बायकोनं उजेडात बघितलं, आणि बघण्यासारखं आता फारसं काही उरलं नव्हतं. तिनं मान वळवली नाही. खळ लागलेला हात पुढं करून सिस्टरला म्हणाली, "कसं करायचं ते दाखवा मला. घरी मीच करणार आहे."